संत जोसेफ वाझ ह्यांचा सिलोनचा प्रवास आणि त्यांना दार उघडणारीं घरें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्हीं आनंदानें शिरसावंद्य मानली आहे. अशा प्रसंगीं देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, वेदी कोणाच्या देणगींतून उभी राहिली, ह्याचा वृत्तान्त सांगण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. तो वृत्तान्त ह्या स्मरणिकेंत आपणांस इतरत्र वाचावयास मिळेल. आम्ही मात्र आज आपणांपुढें एक निराळा प्रश्न ठेवूं इच्छितों. समजा, उद्यां हें देऊळ आपल्या हातून गेलें, शाळा गेली, धर्मगुरु गेले, आणि धर्मगुरूला घरांत घेणें हाच देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरला, तर आपला धर्मग्राम उरेल काय? आणि उरला तर तो कोणाच्या बळावर उरेल?

हा प्रश्न कल्पनेंतला नाहीं. आपल्यापासून फार दूर नसलेल्या सिलोन बेटांत, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत, हजारों कुटुंबांना तो एके काळीं खरोखरच सोडवावा लागला. तो सोडविण्याच्या कामीं त्यांना साह्य करण्यासाठीं जो पुरुष तेथें गेला, तो आपल्याच गोमंतकाचा सुपुत्र होता. संत जोसेफ वाझ हें त्यांचें नांव. त्यांचा प्रवास आणि त्या प्रवासांत त्यांना दार उघडणारीं घरें, हाच आमच्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्या काळचा देश डोळ्यांपुढें आणूं या. सतराव्या शतकाच्या मध्यावर सिलोनांत तीन सत्ता एकमेकींशीं झुंजत होत्या. किनाऱ्यावर पोर्तुगीज होते. त्यांना हुसकून दालचिनीचा व्यापार बळकावण्यासाठीं डच ईस्ट इंडिया कंपनी आली होती. आणि बेटाच्या मध्यभागीं डोंगरांच्या आडोशाला कँडीचें सिंहली बौद्ध राज्य आपलें स्वातंत्र्य राखून होतें. कँडीच्या राजानें पोर्तुगिजांना घालविण्यासाठीं डचांची मदत घेतली; परंतु पोर्तुगीज गेले आणि डच राहिले. १६५६ सालीं कोलंबो पडलें, १६५८ सालीं मन्नार आणि जाफना पडलीं. पोर्तुगीज सत्तेबरोबर तिचे धर्मगुरुही बेटाबाहेर घालविण्यांत आले.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. पोर्तुगीज अमदानींत क्रूस आणि तोफ हीं पुष्कळदां एकाच गलबतांतून किनाऱ्यास लागलीं. त्या राजवटींत हिंदूंचीं व बौद्धांचीं देवस्थानें मोडलीं गेलीं. त्रिंकोमालीचें कोणेश्वराचें प्राचीन मंदिर पोर्तुगिजांनींच पाडलें. तेव्हां त्या देशांतील लोकांच्या मनांत ‘ख्रिस्ती धर्मगुरु म्हणजे परक्या राजाचा माणूस’ अशी समजूत घट्ट झाली असेल, तर तिला कांहींच आधार नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. जोसेफ वाझ ह्यांना पुढें जें सोसावें लागलें, त्यांतील पुष्कळसें ह्या समजुतीचें फळ होतें; आणि आपल्या वागणुकीनें ती समजूत पुसून टाकणें हें त्यांच्या कार्याचें अर्धें अंग होतें.

डचांचा अंमल बसल्यावर कॅथलिकांची स्थिति कशी झाली, तेंही पाहूं या. १६५८ सालच्या फर्मानानें कॅथलिक धर्मगुरूला आसरा देणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली. देवळें कॅल्विनपंथी उपासनेकडे आणि शाळांकडे वळविण्यांत आलीं. शाळामास्तराच्या वहींत गांवांतील माणसांची नोंद होऊं लागली. बाप्तिस्मा आणि लग्न हीं सरकारमान्य उपदेशकाच्या हातूनच व्हावयास हवीं होतीं, आणि त्या नोंदीवांचून वारसाहक्काला बाध येई. तलवारीनें मारण्यापेक्षां ही युक्ति अधिक खोल जाणारी होती. कारण बापाला स्वतःसाठीं धैर्य असलें, तरी मुलाच्या शेतजमिनीचा विचार येतांच त्याचें मन डळमळावें, असा तो डाव होता. ह्याप्रमाणें सुमारें तीस वर्षें गेलीं. जीं मुलें त्या काळांत जन्मलीं, तीं मोठीं झालीं, त्यांचीं लग्नें झालीं, त्यांनाही मुलें झालीं. परंतु बहुतेकांनीं आपल्या मंडळीचा एकही धर्मगुरु पाहिला नव्हता. प्रार्थना आजीच्या तोंडून नातवंडांच्या कानीं जात होती, एवढाच काय तो धागा उरला होता.

आतां त्या प्रवाशाकडे वळूं. जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टी तालुक्यांतील बाणावली गांवीं झाला. त्यांच्या वडिलांचें गांव सांकवाळ. त्यांच्या जन्माच्या पस्तीस वर्षें आधीं, १६१६ सालीं, त्याच साष्टींतील रायतूर येथें फादर स्टीफन्स ह्यांचें ‘क्रिस्तपुराण’ छापलें गेलें होतें, हें आपणां मराठी वाचकांस ठाऊकच आहे. १६७६ सालीं वाझ ह्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १६८१ पासून सुमारें तीन वर्षें त्यांनीं कानडा प्रांतांत मंगळूर, कुंदापूर, बसरूर, कल्याणपूर ह्या भागांतील विखुरलेल्या भाविकांची सेवा केली. त्या काळीं गोव्यांतील युरोपियन संन्यासी संघांचीं दारें एतद्देशीय धर्मगुरूंना बहुतांशीं बंद होतीं. म्हणून जुन्या गोव्यांत कांहीं गोमंतकीय धर्मगुरूंनीं एकत्र राहण्यास आरंभ केला. १६८५ सालीं वाझ त्यांना मिळाले, त्या मंडळीचे प्रमुख झाले, आणि संत फिलिप नेरी ह्यांच्या नियमाप्रमाणें चालणारी ओराटरी तेथें स्थापन झाली.

ज्या वर्णामुळें आपल्याच भूमींत त्यांना कांहीं दारें बंद होतीं, तोच वर्ण सिलोनचें दार उघडण्यास कामीं आला. युरोपियन धर्मगुरु डचांच्या पहारेकऱ्यास चेहऱ्यावरून ओळखूं आला असता. तामिळ मजुरांच्या घोळक्यांत मिसळून जाऊं शकेल असा धर्मगुरु हवा होता, आणि तो गोमंतकानें दिला. देवाची योजना कशी चालते, ह्याविषयीं आम्ही अधिक बोलत नाहीं. आपण तें मनांत घोळवावें.

१६८६ सालीं वाझ गोव्याहून निघाले. कानडा आणि मलबार प्रांतांतून खालीं उतरत ते तुतिकोरिनला पोहोंचले. तें बंदरही डचांच्याच ताब्यांत होतें. तेव्हां त्यांनीं धर्मगुरूचा वेष टाकून मजुराचा वेष घेतला आणि तामिळ भाषेचा अभ्यास चालविला. १६८७ सालीं जॉन नांवाच्या विश्वासू तरुणासह ते एका होडींत बसले. समुद्र खवळला, होडी भलतीकडे गेली, आणि बऱ्याच हालअपेष्टांनंतर ते मन्नारला व तेथून जाफन्यास पोहोंचले. पोहोंचले तेव्हां ते अतिसारानें अगदीं खंगून गेले होते. ज्या देशाला जीवन देण्यासाठीं ते आले होते, त्या देशांत त्यांचा पहिला उद्योग भिक्षेचा होता. दारोदार हात पसरून मिळेल त्या घांसावर ते जगले.

परंतु ह्या भिक्षेला दुसराही अर्थ होता. जाफन्यांत कॅथलिक कोण, हें त्यांना ठाऊक नव्हतें. आणि विचारावें कोणाला? चुकीच्या माणसाला विचारलें, तर विचारणाराचा नाश, आणि ज्याचें नांव निघेल त्याचाही नाश. तेव्हां त्यांनीं गळ्यांत एक मोठी जपमाळ उघडपणें घातली आणि ते घरोघर भीक मागत फिरूं लागले. बोलावयाचें कांहीं नाहीं. फक्त दारांत उभें राहून माळेकडे पाहणाराच्या डोळ्यांकडे पाहावयाचें. कोठें तिरस्कार दिसला, कोठें भीति दिसली, कोठें कांहींच दिसलें नाहीं. शेवटीं कांहीं डोळ्यांत ओळख दिसली. तेथून हळूहळू विश्वास जडला, आणि एके दिवशीं त्यांनीं आपण धर्मगुरु आहों हें सांगितलें.

बंधुभगिनींनो, आपण येथें क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. आजवर आपण ह्या कथेंत धर्मगुरूच्या धैर्याची स्तुति ऐकत आलों, आणि ती सर्वथा योग्य आहे. परंतु त्या दाराच्या आंतल्या बाजूला कोण उभें होतें? एक गृहस्थ, त्याची बायको, म्हातारी आई, चार मुलें. दारांत आलेला भिकारी खरा आहे कीं कंपनीचा हेर आहे, हें त्यांनाही ठाऊक नव्हतें. वाझ ह्यांनीं आपला जीव धोक्यांत घातला. त्या गृहस्थानें आपला, बायकोचा आणि मुलांचा घातला. वाझ पकडले जाण्याचा संभव दिसतांच दुसऱ्या गांवीं जाऊं शकत होते. त्या गृहस्थाचें घर, विहीर आणि शेत जागच्या जागींच होतें.

जाफन्याजवळच्या सिल्लालै ह्या गांवीं कॅथलिकांची वस्ती दाट होती. तेथील लोकांनीं त्यांना आसरा दिला, आणि तेथून ते रात्रींच्या वेळीं आसपासच्या गांवीं जाऊं लागले. दिवसा लपून राहावें, काळोख पडला कीं निघावें, एखाद्या घरांत पापनिवेदनें ऐकावीं, मुलांना बाप्तिस्मा द्यावा, पहाटेपूर्वीं मिस्सा अर्पावी आणि उजाडण्याच्या आंत दुसरीकडे जावें, असा त्यांचा क्रम होता. ज्या देशांत एकही देऊळ हातीं नव्हतें, त्या देशांत प्रत्येक घर आळीपाळीनें देऊळ होत होतें.

ही गोष्ट फार काळ गुप्त राहणें शक्य नव्हतें. १६८९ सालच्या नाताळच्या रात्रीं जाफन्यांत मिस्सेसाठीं लोक जमले असतां डच शिपायांनीं छापा घातला. धर्मगुरु त्यांच्या हातीं लागले नाहींत; सुमारें तीनशें भाविक मात्र धरले गेले. त्यांतील प्रमुख अशा आठ पुरुषांना विशेष कठोर शिक्षा झाली. त्यांच्यांत डॉन पेद्रो नांवाचे एक गृहस्थ होते. ते कांहीं काळापूर्वींच कॅल्विनपंथ सोडून कॅथलिक मंडळींत आले होते. त्यांना इतकें फटकावण्यांत आलें कीं त्यांतच त्यांचा अंत झाला. इतर सात जणांना किल्ल्याच्या बांधकामावर जन्माची सक्तमजुरी मिळाली. म्हणजे धर्मगुरु सुटले आणि यजमानांनीं किंमत दिली. हें वाक्य उच्चारतांना आम्हांस जड जातें. परंतु तें वगळून संताचें चरित्र सांगणें न्यायाचें होणार नाहीं. आणि ह्याहून अधिक विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, एवढें होऊनही जाफन्याचीं घरें बंद झालीं नाहींत. वाझ पुढें त्या भागांत परत आले, तेव्हां त्यांना दार उघडणारीं घरें पुन्हां मिळालीं.

तेथून ते कँडीच्या राज्यांतील पुत्तलम भागांत गेले आणि १६९२ सालीं कँडी राजधानीस पोहोंचले. तेथें डचांची भीति नव्हती. परंतु एका फ्रेंच कॅल्विनपंथी गृहस्थानें ‘हा पोर्तुगिजांचा हेर आहे’ असें राजाच्या कानीं घातलें, आणि वाझ कैदेंत पडले. आपण वर जी समजूत सांगितली, तीच ही. तिला त्यांनीं कसें उत्तर दिलें? तक्रारीनें नव्हे, कीं पोर्तुगीज दरबाराच्या धमकीनेंही नव्हे. त्यांनीं तुरुंगांत सिंहली भाषेचा अभ्यास आरंभिला. पहारा सैल झाल्यावर आवारांत एक झोंपडीवजा प्रार्थनास्थान उभें केलें, आणि कँडींतील कॅथलिक तेथें येऊं लागले. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध होता. ह्या माणसाला राज्य नको, द्रव्य नको, दालचिनी नको, हें हळूहळू त्याच्या ध्यानांत आलें. देशांत अवर्षण पडलें असतां राजाच्या विनंतीवरून वाझ ह्यांनीं उघड्यावर प्रार्थना केली आणि पाऊस आला, अशी कथा त्या देशांतील भाविक आजही भक्तीनें सांगतात. पुढें राजानें त्यांना आपल्या राज्यांत फिरण्याची मोकळीक दिली.

ह्यांतली एक विलक्षण गोष्ट आपल्या नजरेंतून सुटूं नये. ख्रिस्ताचें नांव घेणारी सत्ता ज्यांचा छळ करीत होती, त्यांना संरक्षण दिलें तें एका बौद्ध राजानें. सिलोनांतील कॅथलिक मंडळी जगली, त्यांत ह्या परधर्मीय राजाच्या औदार्याचा वाटा मोठा आहे. हें ऋण मान्य करण्यांत आपला कमीपणा नाहीं.

१६९७ सालीं कँडींत देवीची सांथ आली. राजा आणि दरबार नगर सोडून गेले. ज्यांना जाणें शक्य होतें ते सारे गेले. आजाऱ्यांना रानांत टाकून देण्याची पाळी आली. वाझ आणि त्यांचा भाचा फादर जोसेफ कार्व्हाल्यो मात्र मागें राहिले. ओस पडलेल्या घरांतून त्यांनीं रोग्यांची सोय केली, त्यांना अन्न भरविलें, जखमा धुतल्या आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. आणि हें करतांना बौद्ध कोण, ख्रिस्ती कोण, हें पाहिलें नाहीं. हेर सांथींत राहत नसतो. ‘हा परक्या राजाचा माणूस’ ह्या आरोपाला ह्याहून स्पष्ट उत्तर कोणीही देऊं शकला नसता.

त्यानंतर गोव्याहून ओराटरीचे आणखी धर्मगुरु येत राहिले. त्यांतील दिवाडी बेटाचे फादर जाकोम गोन्साल्विस हे १७०५ सालीं आले आणि त्यांनीं सिंहली व तामिळ ह्या दोन्ही भाषांत ग्रंथरचना करून त्या मंडळीला वाङ्मय दिलें. गांवोगांवीं धर्मगुरु क्वचितच पोहोंचत, म्हणून प्रार्थना चालविण्यास, मुलांना शिकविण्यास आणि मरणोन्मुखाजवळ बसण्यास अण्णावी नांवाचे गृहस्थ उपदेशक नेमण्यांत आले. म्हणजे जें काम घरांनीं भीतभीत सुरू केलें होतें, त्याला त्यांनीं व्यवस्था लावून दिली. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें वाझ ह्यांनीं देह ठेवला. त्यांचें वय एकोणसाठ होतें. सिलोनांत पाऊल ठेवल्यापासून सुमारें चोवीस वर्षांत ते एकदांही गोव्यास परतले नाहींत. कॅथलिकांवरील निर्बंध इंग्रजी अमलांत १८०६ सालीं उठले; पहिल्या फर्मानापासून तोंवर १४८ वर्षें लोटलीं होतीं. १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें पोप फ्रान्सिस ह्यांनीं जोसेफ वाझ ह्यांना संतमालिकेंत घेतलें.

त्याच दिवशीं दुपारीं पोप फ्रान्सिस उत्तरेकडील मढू येथील पवित्र मरिया मातेच्या तीर्थस्थानीं गेले. ह्या स्थानाचा उगमही त्याच छळाच्या काळांतला. डचांच्या भीतीनें मन्नारजवळच्या मांतै गांवचे भाविक आपली मरियेची मूर्ति घेऊन रानांत गेले, ती अखेर तेथें स्थिरावली. १९८३ पासून २००९ पर्यंत त्या देशांत जें यादवी युद्ध चाललें, त्यांत हजारों निर्वासितांनीं ह्याच देवळाच्या आवारांत आश्रय घेतला; आणि १९९९ सालीं तेथेंही तोफगोळे पडून आश्रयास आलेलीं माणसें मृत्युमुखीं पडलीं. सिंहली आणि तामिळ हे दोन्ही समाज ज्या थोड्या ठिकाणीं एकत्र गुडघे टेकतात, त्यांपैकीं हें एक आहे. ज्या संतानें दोन्ही भाषा शिकून दोन्ही लोकांची सेवा केली, त्याचें नांव त्या देशाला आज किती हवें आहे, हें निराळें सांगावयास नको.

आतां आपण स्वतःकडे वळूं. आपल्या उत्तर कोंकणालाही हा अनुभव अगदींच परका नाहीं. १७३९ सालीं वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला, तेव्हां युरोपियन धर्मगुरु निघून गेले. मागें राहिलेल्या खेड्यापाड्यांतील भाविकांची जोपासना त्यानंतर एतद्देशीय धर्मगुरूंनीं आणि घराघरांतील वडीलधाऱ्यांनीं केली. आपण आज ज्या प्रार्थना म्हणतों, त्या त्या घरांच्या ओटीवरून आपल्यापर्यंत आल्या आहेत.

ज्युबिलीच्या वर्षीं आपण देणगीदारांचीं नांवें संगमरवरावर कोरतों. तें कृतज्ञतेचें लक्षण आहे, आणि त्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. परंतु जाफन्यांतील ज्या घरानें त्या आजारी भिकाऱ्याला पहिल्यानें आंत घेतलें, त्याचें नांव कोणत्याही शिळेवर नाहीं. तरीही तें दार उघडलें नसतें, तर संत जोसेफ वाझ हे रस्त्यावर मेलेला एक अनामिक भिकारी ठरले असते. धर्मगुरु धर्मग्रामाकडे चालत येतो हें खरें. पण त्याचें चालणें सफळ होतें तें कोणीतरी आंतून कडी काढल्यावर.

आज आपल्या दारावर कोणता पहारा नाहीं. धर्मगुरूला जेवावयास बोलाविलें म्हणून आपणांस कोणी फटके मारणार नाहीं. परंतु आपल्या गांवाच्या कडेला, नव्या इमारतींच्या बांधकामांजवळ, पत्र्याच्या खोल्यांतून परप्रांतांहून आलेलीं कुटुंबें राहतात. त्यांत आपल्या धर्माचीं आहेत, इतर धर्मांचींही आहेत. आपली भाषा त्यांना येत नाहीं, त्यांची आपणांस येत नाहीं. रविवारीं तीं देवळाच्या शेवटच्या बांकाजवळ उभीं असतात आणि मिस्सा संपतांच निघून जातात. त्यांच्यापैकीं कितींचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत? त्यांच्यापैकीं किती जण आपल्या ओटीवर चढले आहेत? कसलेंही भय नसतां जर आपलें दार बंद राहिलें, तर प्राणभय असतां ज्यांनीं तें उघडलें, त्यांच्यापुढें आपण कोणत्या तोंडानें उभे राहणार?

म्हणून आमची आपणांस नम्र सूचना आहे कीं, ह्या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून प्रत्येक कुटुंबानें ह्या वर्षांत निदान एका परक्या कुटुंबाला आपल्या घरीं बोलवावें, त्याच्याबरोबर जेवावें आणि त्याची भाषा येत नसली तर दोन शब्द शिकावे. संत जोसेफ वाझ ह्यांनीं तामिळ आणि सिंहली शिकण्यांत आयुष्य घातलें. आपणांस दोन शब्द जड जाऊं नयेत.

ज्या परमेश्वरानें बेथलेहेमांत दार न उघडल्याचें दुःख सोसलें, तो आपल्या ह्या धर्मग्रामाचीं दारें सदैव उघडीं ठेवो. आणि संत जोसेफ वाझ ह्यांच्या व त्या अनामिक यजमानांच्या मध्यस्थीनें आपणां सर्वांस उदंड आयुष्य आणि उदार अंतःकरण देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.